छापलेला जबडा आणि भट्टीची कसोटी
२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसमुळे राज्यात अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. पुढे काहींना सीटी स्कॅनच्या मापाने थ्रीडी प्रिंटरवर घडवलेले टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले गेले. ते मापात चपखल बसते. प्रश्न आहे तो टिकण्याचा.

या मिश्रधातूत बहुधा ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. लेसरने वितळलेली भुकटी क्षणार्धात थिजते. त्यामुळे धातू कठीण पण ठिसूळ होतो, आत ताण अडकतो आणि सूक्ष्म पोकळ्या राहतात. चावताना पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने तिथूनच तडा जाऊ शकतो.

उपाय भट्टीत आहे. हवेत तापवल्यास टायटॅनियम ऑक्सिजन शोषून आणखी ठिसूळ होते. म्हणून निर्वात किंवा आरगॉन वायूची भट्टी लागते. तिथे ताण सुटतो. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या हजारपट दाब दिला, तर आतल्या पोकळ्याही मिटतात. ताकद थोडी घटते, पण चिवटपणा वाढतो.

हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रुग्णालयांनी निविदेत केवळ दर न पाहता उष्णता प्रक्रियेची नोंद आणि चाचणी अहवाल मागायला हवा. इम्प्लांट मोडले, तर दुसरी शस्त्रक्रिया रुग्णालाच सोसावी लागते.