पिठाचा कोंबडा आणि मातीचं कबूतर



मागच्या लेखात एकाशनाच्या ताटाबद्दल लिहिलं होतं. आजचा विषय एकदम वेगळा आहे, बंदुकीचा. दचकू नका. आपल्या मंडळातल्या निम्म्या जणींची मुलं-मुली, नातवंडं अमेरिकेत आहेत. तिथे क्रिकेटची बॅट मिळावी तशी दुकानात बंदूक मिळते. ऑफिसातले मित्र शनिवारी नेमबाजीला जातात आणि आपल्या मुलांनाही बोलावतात. मग एक दिवस मुलगा फोनवर सहज म्हणतो, "आई, एक शॉटगन घ्यायचा विचार आहे." आपण "अरे देवा, आपल्या घरात हे नको" म्हणून फोन ठेवतो. माझ्या मते एवढं पुरत नाही. त्याला कारणं हवी असतात आणि आपल्या शास्त्रात ती आहेत. पण ती सांगायची तर आधी ती वस्तू काय आहे हे आपल्यालाही माहीत हवं.

माझा धाकटा टेक्सासमध्ये आहे. त्याच्या मनात सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन होती. सूनबाईंनी मला वेगळा फोन केला, "आई, तुम्हीच बोला, घरात सात वर्षांचा मुलगा आहे." मी लगेच बोलले नाही. पंधरा दिवस वाचलं, त्यालाच प्रश्न विचारले आणि मग बोलले. तेच इथे मांडते.

आपल्या सांगली-कोल्हापूर भागात शेतकऱ्याच्या घरी जुनी बारा बोअरची बंदूक असायची, ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. "बारा" म्हणजे काय? नळीच्या तोंडात बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून ती बारा बोअर. शॉटगनच्या काडतुसात एक गोळी नसते, शेकडो बारीक छर्रे असतात. जुनी दुनळी दोन बार काढते, मग मोडून पुन्हा भरावी लागते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चाप एकदा ओढला की एकच बार निघतो, पण रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं आत ओढण्याचं काम बंदूक स्वतः करते. काही बंदुका त्यासाठी बाराच्या वायूचा दाब वापरतात. त्यांचा खांद्याला धक्का कमी बसतो, पण काजळी साचते आणि साफसफाई जास्त लागते. काही मागे बसणाऱ्या धक्क्याचाच उपयोग करतात. त्या साफ राहतात, पण खांद्याला जास्त जाणवतात. किंमत चार-पाचशे डॉलरपासून दोन हजारांच्या पुढेपर्यंत.

मुलगा म्हणाला, "आई, धक्का कमी म्हणून मला ही हवी. आणि मी पक्ष्यांवर नाही, मातीच्या तबकड्यांवर मारणार."

या तबकड्यांना तिकडे मातीची कबुतरं म्हणतात. खरं तर त्या चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा राळेचा पदार्थ मिसळून केलेल्या असतात. यंत्र त्या हवेत उडवतं आणि नेमबाज फोडतो. कबुतर हे नाव उगाच पडलेलं नाही. पूर्वी खरी कबुतरं सोडून मारत. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळीसुद्धा जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती. आता ती जागा तबकडीने घेतली आहे. याच प्रकारच्या खेळात राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवलं. रायफलीत आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्यामुळे नेमबाजी म्हणजे पाप, असं सरसकट मी म्हणणार नाही.

पण तबकडीला जीव नाही म्हणून प्रश्न संपला का? इथे मला यशोधर राजाची कथा आठवते. पर्युषणात आपण ती कितीदा ऐकली आहे. वाईट स्वप्नाच्या निमित्ताने आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार होत नाही. मग तोड निघते ती पिठाच्या कोंबड्याची. पिठाचाच कोंबडा, रक्ताचा थेंब नाही. तरी त्या दोघांना पुढे मोर आणि कुत्रा अशा तिर्यंच योनीत कितीतरी जन्म दुःख भोगत फिरावं लागलं. का? पीठ कापताना मनात कोंबडाच कापला होता. द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा पुरेपूर झाली.

मातीच्या कबुतराला मी हीच कसोटी लावते. फोडताना मनात काय आहे? स्थिर हात, नजर, श्वास, पंचवीसपैकी किती फुटल्या याची मोजणी, एवढंच असेल तर तो खेळ आहे. कॅरमची सोंगटी मारताना कोणाला मारायचा भाव नसतो, तसंच हे. पण पुढे खरा पक्षी मारायचा म्हणून आज तबकडीवर हात बसवायचा असेल तर तो पिठाचा कोंबडा आहे. आणि ही शंका माझ्या मनची नाही. स्कीट नावाचा जो प्रकार तिथे खेळतात, तो शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत पक्ष्यांच्या शिकारीचा सराव म्हणूनच सुरू झाला. म्हणजे दोन्ही वाटा एकाच मैदानातून जातात. आपलं मूल कुठल्या वाटेवर आहे, हे त्याने स्वतःला विचारायचं.

शिकारीबद्दल मात्र माझं मत स्वच्छ आहे. गृहस्थाला आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा पूर्ण टळत नाही, हे आचार्यांनी मान्य केलं आहे. चूल पेटवली, शेत नांगरलं, घरावर आलेल्याला अडवलं, यात हिंसा होते आणि तिचं प्रमाण कमी करत राहायचं असतं. पण संकल्पी हिंसा, ठरवून जीव घेणं, श्रावकाला कुठल्याही सबबीखाली नाही. हौसेची शिकार ही निव्वळ संकल्पी हिंसा आहे. टेक्सासच्या मोठ्या भागात होल्यांच्या शिकारीचा मोसम १ सप्टेंबरला सुरू होतो, आणि आपलं दशलक्षण पर्व साधारण त्याच दिवसांत येतं. एका माणसाला दिवसाला पंधरा होल्यांची मुभा असते. एकीकडे उत्तम क्षमा म्हणायचं आणि दुसरीकडे मित्रांबरोबर शेतात उभं राहायचं, हे जमणारं नाही. "मी नुसता बरोबर जातो, मारत नाही" हेही मला पटत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना ही तिन्ही आपल्याकडे मोजली जातात.

तिकडचे शिकारी एक मुद्दा मांडतात, तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे. १९३७ च्या कायद्याने त्याचा पैसा वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासासाठी राज्यांना जातो. पाणथळ जागा वाचल्या त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण पक्षी वाचवायला पक्षी मारावाच लागतो, असा त्याचा अर्थ होत नाही. तिथे पोस्टाच्या तिकिटासारखा "डक स्टॅम्प" मिळतो. बदकांची शिकार करणाऱ्याला तो घ्यावाच लागतो, पण बंदूक न धरणारा कोणीही तो घेऊ शकतो. २५ डॉलरच्या त्या तिकिटाचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागांसाठी जातो. मुलाला सांगितलं, पक्ष्यांसाठी इतकंच वाटतंय ना, तर दोन तिकिटं घे. एक नातवाच्या नावाने.

आणखी एक गोष्ट वाचून मला नवल वाटलं. जे लोक शिकार मान्य करतात, त्यांनीच या बंदुकीला आवर घातला आहे. स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावावीत, असा नियम अमेरिकेत १९३५ पासून आहे. जास्त मावत असतील तर आत अडसर बसवावा लागतो. का? चाप ओढत राहिलं की माणूस थांबत नाही, हे त्यांनी ओळखलं. आपण याला परिमाण म्हणतो. आता हिशेब करा. तबकडीच्या खेळात एका वेळी एक किंवा फार तर दोन बार लागतात. मग नुसत्या खेळासाठी घरात अशी बंदूक हवी का? धक्का कमी हा फायदा खरा आहे, पण तो क्लबात भाड्याने मिळणाऱ्या बंदुकीतही मिळतो.

मी कॉमर्सची, त्यामुळे वही काढलीच. महिन्यातून एकदा जाणाऱ्या माणसाला हजार-दीड हजार डॉलरची बंदूक, शिवाय पोलादी कपाट, साफसफाईचं सामान, काडतुसं हे सगळं लागणार. वर्षातले साडेतीनशे दिवस ती कपाटात पडून राहणार. व्यापारात याला आपण डेड स्टॉक म्हणतो, धर्मात परिग्रह.

पण पैशापेक्षा मोठा मुद्दा हिंसादानाचा आहे. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यात हिंसादान आहे. हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. बंदूक मालकीची झाली की मित्र म्हणणार, "या शनिवारी तुझी दे, बदकांना जातोय." तिकडे हे अगदी सहज चालतं, आपण शेजारणीला इडलीपात्र देतो तसं. तुमच्या मुलाने आयुष्यात एक पक्षी मारला नाही, तरी त्याच्या कपाटातल्या वस्तूने मारला. वस्तू नसेल तर हा प्रश्नच येत नाही.

ज्यांची मुलं अजून एच-वन-बी व्हिसावर आहेत, त्यांनी हे नक्की वाचावं. अशा व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. मोजके अपवाद आहेत आणि त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना. म्हणजे फक्त तबकड्या फोडायच्या असल्या तरी हातात कागद शिकाऱ्याचा घ्यावा लागतो. आणि परवाना नसताना हौसेने बंदूक हातात घेतली तर गुन्हा होतो, व्हिसाही धोक्यात येतो. मित्र म्हणाले "काही होत नाही" यावर विसंबू नये.

शेवटी घरातली काळजी. आपण पाणी गाळतो, भाजी निवडताना अळी बघतो, मग याबाबत प्रमाद का? मुलाला मी या अटी सांगितल्या:

१. वर्षभर क्लबातच शिकायचं, भाड्याची बंदूक वापरायची. घरात काही आणायचं नाही. वर्षानंतरही इच्छा टिकली तर पुन्हा बोलू.

२. पुढे कधी घेतलीच तर बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या मुलाला माहीत नाहीत अशा ठिकाणी. टेक्सासमध्ये निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर मोठ्या माणसावर गुन्हा लागतो. पण गुन्हा लागण्याआधी जे होईल त्याचा विचार कर, म्हटलं.

३. मैदानावर सेमी-ऑटोमॅटिकचा खटका उघडा ठेवायचा, आत काडतूस नाही हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. दुनळी मोडलेली लांबूनही दिसते, ही दिसत नाही.

४. एका काडतुसात साधारण २८ ते ३२ ग्रॅम शिसं असतं. पंचवीस बारांच्या एका फेरीत ७०० ते ८०० ग्रॅम शिसं मातीत पडतं. पक्षी ते छर्रे खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणूनच पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्र्यांवर अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे. तबकडीच्या खेळातून पक्षी मारायचे नाहीत, मग हेही मारायचे नाहीत. जिथे चालतं तिथे पोलादी छर्रे घ्यायचे. आणि घरी आल्यावर हात-तोंड धुऊन कपडे बदलल्याशिवाय मुलाला जवळ घ्यायचं नाही.

त्याने पहिली अट मान्य केली. वर्षानंतरचं अजून ठरलेलं नाही आणि मी ते आजच ठरवून घ्यायचा हट्ट धरला नाही. तो चाळिशीचा आहे, घर त्याचं आहे. होल्यांच्या शिकारीचं आमंत्रण मात्र त्याने स्वतःहून नाकारलं. मित्रांना कारणही सांगितलं, लाजला नाही. ते ऐकून मला बरं वाटलं.

मैत्रिणींनो, परदेशातल्या मुलांना नुसतं "नको" म्हटलं की ती पुढच्या वेळी सांगतच नाहीत. तुमच्या घरी हा विषय निघाला तर यशोधराची कथा पुन्हा सांगा, आणि तबकडी फोडताना मनात काय होतं ते मुलांना विचारा. उत्तर त्यांना स्वतःलाच द्यायचं आहे. तुमचे अनुभव मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.