अब्बू या वेळीच का कोसळले?



एप्रिल लागला की आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात ऊन चांगलेच तापते. समुद्राचा वारा मुंबईला दुपारी दिलासा देतो. इथवर तो उशिरा पोहोचतो. बदलापूरचा पारा चाळिशीपार गेल्याच्या बातमीचे आता कोणाला नवल वाटत नाही.

अशाच दिवसांत आठवीतला एक मुलगा दोन दिवस वर्गात दिसला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. त्याचे वडील उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात इस्त्रीचे काम करतात. ईदनंतर तीन आठवडे ते गावी आराम करून आले, पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी केली आणि संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलापाशीच कोसळले. अल्लाहच्या कृपेने वाचले. मुलाने विचारले, "सर, अब्बू दहा वर्षे याच गरमीत उभे राहतात. मग या वेळीच का कोसळले?"

तेव्हा आम्ही "त्यांना आराम करू दे" एवढेच म्हणालो. पण प्रश्न शास्त्राचा होता आणि त्याचे उत्तर देणे आमच्याकडे बाकी राहिले होते. ते आज देतो.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि पेशीतली बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. ती ठरावीक पद्धतीने घडी होऊन बसली तरच कामाची. घडी मोडली की निकामी. उष्णता नेमकी ही घडी मोडते. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो, तो याचमुळे. घड्या सुटलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि मग ते अंडे पुन्हा कच्चे होत नाही. आपल्या पेशींना उकळत्या पाण्याची गरज नाही. नेहमीच्या ३७ अंशांवर चार-पाच अंश चढले, तरी काही नाजूक प्रथिनांच्या घड्या सुटू लागतात.

परवरदिगारने पेशीला यावर बंदोबस्तही दिला आहे. पेशीत काही मदतनीस प्रथिने असतात. त्यांना हीट शॉक प्रथिने म्हणतात. त्यातले प्रसिद्ध नाव एचएसपी-७०. कारखान्यात विस्कटलेली पँट उचलून नीट घडी घालणाऱ्या कामगारासारखे त्याचे काम. सुटलेल्या साखळीला ते धरते, दुसऱ्या साखळीला चिकटू देत नाही आणि पुन्हा घडी बसण्याची संधी देते. जी साखळी दुरुस्तच होणार नाही, तिच्यावर खूण होते आणि पेशी ती मोडीत काढते.

गरज वाढल्याचे पेशीला कळते कसे? एचएसएफ-१ नावाचे एक प्रथिन एरवी या मदतनिसांनीच धरून ठेवलेले असते. उष्णता वाढली की मदतनीस घड्या सावरायला धावतात आणि एचएसएफ-१ मोकळे होते. त्याचे तीन-तीन रेणू एकत्र येतात, पेशीच्या केंद्रकात डीएनएवर ठरलेल्या जागी बसतात आणि आणखी मदतनीस बनवण्याचा हुकूम सुटतो. काही मिनिटांत काम सुरू होते. पेशी बाकीची बरीच कामे तेवढ्यापुरती बाजूला ठेवते. संकट टळले की रिकामे झालेले मदतनीस एचएसएफ-१ला पुन्हा धरतात आणि हुकूम थांबतो.

याचा शोध अपघातानेच लागला. इटलीत फेरुचिओ रितोसा फळमाश्यांवर काम करत होते. प्रयोगशाळेत कोणीतरी माश्यांच्या उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले आणि त्यांच्या गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे दिसू लागले. १९६२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ही प्रथिने ओळखली गेली ती १९७४ मध्ये. पुढे जिवाणूपासून माणसापर्यंत हीच व्यवस्था आढळली.

आता त्या मुलाचे उत्तर. सौम्य उष्णता सोसलेल्या पेशीत मदतनिसांचा साठा वाढलेला असतो, म्हणून पुढची मोठी उष्णता ती झेलू शकते. सारे शरीरही असेच सरावते. रोज थोडी थोडी उष्णता सोसली की एक-दोन आठवड्यांत घाम लवकर येऊ लागतो, घामातून मीठ कमी जाते, रक्तातला द्रव वाढतो. पण हा सराव कायमचा नसतो. काही आठवडे आराम झाला की तो उतरतो. दहा वर्षांचा अनुभव हातात राहतो, अंगातला सराव मात्र गेलेला असतो. अब्बू कमजोर नव्हते, बेटा; त्यांच्या शरीराला वेळ मिळाला नव्हता.

म्हणून कामगार-आरोग्याचा एक नियम आहे. उष्ण जागी नव्या माणसाने पहिल्या दिवशी एक पंचमांशच वेळ काम करावे आणि रोज तेवढेच वाढवावे. सुटीवरून परतलेल्या जुन्या कामगाराने निम्म्यापासून सुरुवात करावी. घरात भट्टीवर, इस्त्रीवर, बांधकामावर जाणारे कोणी असेल, तर मालकाशी हे बोलायला लाजू नका.

पण सरावालाही मर्यादा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला; उष्माघाताने १४ जण दगावले. २०२४ च्या हजला मक्केत पारा ५१ अंशांपुढे गेला आणि १,३०१ यात्रेकरूंचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने सांगितले. उतारवयात पेशींची ही व्यवस्था मंदावते, म्हणून वडीलधाऱ्यांना जपा. हजला निघालेल्या बुजुर्गांनी डॉक्टरांना विचारून आधी काही दिवस थोडे थोडे चालण्याचा सराव ठेवावा. तिथे छत्री आणि पाणी सोडू नये.

कोणी बरळू लागला, शुद्ध हरपू लागली आणि अंग तापले असेल, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मुलाचे अब्बू आता कामावर जातात. या वर्षी गावाहून आल्यावर पहिला आठवडा त्यांनी अर्धी पाळी केली. मजुरी कमी मिळाली. घरच्यांनी तक्रार केली नाही.