माहितीचित्रांची आयती शैली

हल्ली आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती एक नवीच पोथी आली आहे. ती छापलेली नाही. एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर अशी ती फिरते. तिच्यात ज्ञान नाही, यंत्रास करावयाच्या आज्ञा आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास दोनचार ओळी लिहून दिल्या की ते आकडे, बाण व लहान लहान आकृत्या यांनी सजविलेले चित्र क्षणार्धात काढून देते. ह्या चित्रास इंग्रजीत इन्फोग्राफिक म्हणतात. आम्ही त्यास माहितीचित्र म्हणू. त्या दोनचार ओळींना प्रॉम्प्ट असे नाव आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक प्रॉम्प्टांत 'मॉडर्न', 'मिनिमल', 'क्लीन', 'प्रोफेशनल', 'सौम्य पेस्टल रंग', 'आकर्षक आयकॉन' अशा विशेषणांची माळ असते, आणि ह्या माळेच्या मध्यभागी विषयाचे नाव घालण्याकरिता एक रिकामी जागा सोडलेली असते. पूजेच्या संकल्पात भटजी यजमानाचे नाव घालण्यापुरते थांबतात, तसाच हा प्रकार. यजमान कोणीही असो, मंत्र तोच.

ही रिकामी जागाच आमच्या तक्रारीचा विषय आहे. विषय कळण्यापूर्वी ज्याची शैली ठरते ते चित्र माहितीचे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते आमच्याच वर्गात घडलेल्या गोष्टीवरून झाले आहे.

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमाचा जयंती-उत्सव वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. परंतु येथील उत्सव तिथीने, म्हणजे पौष वद्य सप्तमीच्या सुमारास होतो. शेवटच्या दिवशी उघड्या शेतात लाखावर माणसे पंगतीस बसतात व पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरांवरून वाढली जाते. ह्या उत्सवास नेण्यासाठी काही फलक तयार करावे, असे आमच्या मुलांच्या मनात आले. कल्पना उत्तम होती. चारच दिवसांत फलक आमच्यापुढे आले व ते पाहून आम्ही प्रथम खरोखर खूष झालो, हे कबूल केले पाहिजे. रंग मनोहर, मांडणी टापटिपीची, कोठे खाडाखोड नाही.

मग आम्ही चष्मा लावला. महाप्रसादाच्या फलकावर माणसे मेजाभोवती खुर्च्यांवर बसली होती आणि त्यांच्या हाती काटेचमचे होते! ट्रॅक्टर होता, परंतु तो वाढप्याचे काम न करता मागच्या टेकडीवर शोभेसाठी उभा होता. तारीख अर्थातच १२ जानेवारी. मुले हसली, आम्हीही हसलो. येथवर नुकसान विनोदाचेच होते.

दुसऱ्या फलकापाशी मात्र हसू थांबले. जत्रेच्या गर्दीत जुलाबाचा उपद्रव होतो, म्हणून मुलांनी साखर-मिठाच्या पाण्याची कृती चितारली होती. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, ही कृती वर्षानुवर्षे सांगितली जात आहे. फलकावरील अक्षरांत ती अगदी बरोबर होती. चित्रात मात्र साखरेचे चमचे आठ होते, आणि मिठाचा एकच, पण शीग लावून भरलेला. आता वाचकांनी विचार करावा. हा फलक कोणासाठी? ज्यास अक्षरे वाचता येतात त्यास चित्राची गरज थोडी. जी आजीबाई नातवाला कडेवर घेऊन उभी आहे व जिला वाचता येत नाही, ती चमचेच मोजणार. साखर फाजील झाली तर जुलाब वाढतो. मीठ फाजील झाले तर तान्ह्या मुलास झटके येऊ शकतात. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली असता बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार-साखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. त्या पाण्याचा सारा गुण प्रमाणात आहे. प्रमाण चुकलेले सुंदर चित्र म्हणजे चांदीच्या वाटीतून दिलेले भलतेच औषध.

आम्ही चित्रकर्त्या विद्यार्थ्यास विचारले, "यंत्रास काय लिहून दिलेस?" त्याने मोठ्या उत्साहाने आज्ञा वाचून दाखविली. तीत शैलीविषयी नऊ विशेषणे होती आणि चमच्यांविषयी एक ओळ. यंत्राने नऊ गोष्टी पाळल्या व दहावी सोडली. यंत्रास आम्ही दोष देत नाही. त्याने पूर्वी असंख्य चित्रे पाहिलेली असतात व कोणत्या शब्दाशेजारी बहुधा कोणता आकार येतो एवढे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. 'भोजन' म्हटले की त्यास मेज सुचते, कारण जगातल्या चित्रांत मेजे अधिक आहेत. चमचा काढताना ते मोजीत नाही. चमच्यांच्या रांगेसारखे काहीतरी रंगविते.

यावर आमचे एक तरुण सहकारी म्हणाले, "सर, यंत्रे दर सहा महिन्यांनी सुधारत आहेत. पुढल्या वर्षी चमचे बरोबर येतील." येतीलही. पूर्वी ह्याच यंत्रांना एक जोडाक्षर धड काढता येत नसे, आता पुष्कळच बरे काढतात. परंतु आमचा आक्षेप यंत्राच्या हातावर नसून मुलाच्या दृष्टीवर आहे. त्याने आठ चमचे पाहिलेच नाहीत. चित्र इतके 'प्रोफेशनल' दिसत होते की तपासण्याची बुद्धीच त्यास झाली नाही. वेडावाकडा हाताने काढलेला फलक असता तर शेजारच्या मुलाने तरी चमचे मोजले असते. आयत्या शैलीचा हाच खरा धोका आहे. ती चूक लपवीत नाही, चूक शोधण्याची इच्छा मारते.

माहितीचित्राची विद्या यंत्राबरोबर जन्मास आली असे कोणी समजू नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५८ साली क्रिमियन युद्धातील मृत्यूंची चक्राकार आकृती काढली, ती शोभेसाठी नव्हे. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक मेले, हे सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत भरावे म्हणून त्या आकृतीस तो आकार आला. पुढे व्हिएन्नात ऑटो नॉइराथ यांनी १९२५ साली संग्रहालय काढून सामान्य कामकऱ्यांस आकडे चित्रांनी समजावून देण्याचा उद्योग मांडला. त्यांचा एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो: राशी मोठी असेल तर चिन्ह मोठे करू नये, चिन्हांची संख्या वाढवावी. म्हणजे पाहणाऱ्यास मोजता यावे! त्यांच्या मंडळीत तज्ज्ञ आणि चित्रकार यांच्या मध्ये एक तिसरा मनुष्य असे. आकड्यांतून लोकांस काय सांगावयाचे व ते कसे मांडावयाचे, हे ठरविणे त्याचे काम. हे काम मुख्यतः मारी राइडेमाइस्टर, पुढे ज्या मारी नॉइराथ झाल्या, त्या करीत. १९५० नंतरच्या दशकात त्या पश्चिम नायजेरियात गेल्या तेव्हा युरोपात बनलेली चिन्हे तेथील लोकांसाठी त्यांना बदलून घ्यावी लागली. आमच्या मुलांच्या फलकावरील मेजखुर्च्या त्यांच्या नजरेतून सुटल्या नसत्या. आयत्या आज्ञेने नेमका हा मधला मनुष्य काढून टाकला आहे.

आणखी एक गोष्ट. हिवरा आश्रमापासून लोणारचे सरोवर फार दूर नाही. तेव्हा त्याचाही एक फलक होताच. विवर अशनिपाताने झाले व त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हे बरोबर होते. परंतु वयाच्या जागी '५०,००० वर्षे' असा एकच आकडा भल्या मोठ्या अक्षरांत चमकत होता. वास्तविक हा जुना अंदाज. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवरून जे मोजमाप झाले त्याप्रमाणे हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. दोन अंदाजांत दहा पटींहून अधिक अंतर! मुलांस खरे कुतूहल वाटावे अशी गोष्ट हीच. पण 'क्लीन' आणि 'बोल्ड' चित्रात मतभेदास जागा कोठून असणार?

कोणी म्हणेल, प्रोफेसर जुन्या वळणाचे, त्यांना देखणेपणाचेच वावडे. तसे नाही. मराठी घरातील भिंतीवर १९७३ पासून 'कालनिर्णय' लटकत आहे. त्याच्या एका चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, उपवास, सण इतके सारे सुखाने नांदते, आणि उरल्या जागेत गृहिणी दुधाचा हिशेब लिहिते. हे उत्तम माहितीचित्र आहे, व त्याची शैली गरजेतून आलेली आहे. देखणेपणा असाच यावा, इतकेच आमचे म्हणणे.

यंत्रास आज्ञा लिहूच नये, असाही आमचा हट्ट नाही. लिहावी, आणि मराठीत लिहावी. कारण 'मिनिमल' म्हणजे नेमके काय वगळावयाचे, हे विचारल्यावर एकाही मुलास सांगता आले नाही. पाहणारा कोण, तो किती अंतरावरून पाहणार, त्याने पाहून काय करावयाचे, कोणत्या वस्तू, किती, कशा क्रमाने, हे आधी लिहावे. रंगाचे नाव सर्वांत शेवटी. असे लिहिता लिहिता चित्र निम्मे डोक्यातच तयार होते.

आमच्या मुलांनी तसा प्रयत्न केला. आज्ञा लिहावयास बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. एका मुलीने विचारले, "सर, चमचा म्हणजे कोणता? आमच्या घरी तीन आकारांचे आहेत." वर्गातील कोणापाशीच उत्तर नव्हते. शेवटी तिने घरून चहाचा चमचा आणला, सगळ्यांनी तो पाहून घेतला, आणि यंत्र बाजूस ठेवून फलक हातानेच काढला. अक्षर काही विशेष चांगले नव्हते. सहा चमचे रांगेत काढले, सातवा अर्धा व वेगळ्या रंगाचा. शेजारी एक लिटरची पाण्याची बाटली. आणि खाली दोऱ्याने तो चमचाच बांधून टाकला.