नाव झाकून मिळालेले पारितोषिक

वाचकहो, डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिक नगरीत ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. डॉ. जयंत नारळीकर त्याचे अध्यक्ष होते. प्रकृतीच्या कारणाने ते स्वतः येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विज्ञानकथांना मिळालेला मान त्या कथांचा, की लेखकाच्या कीर्तीचा, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. त्याचा निवाडा पुराव्यावरून झाला पाहिजे, आणि सुदैवाने पुरावा उपलब्ध आहे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. १९६५ सालीच पद्मभूषण झालेल्या या शास्त्रज्ञाचे नाव तेव्हा सर्वतोमुखी होते. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले, आणि हस्ताक्षरही ओळखू येऊ नये यासाठी कथा पत्नीकडून लिहवून घेतली. त्या अपरिचित जगतापांना पहिले पारितोषिक मिळाले. पक्षकार कोण हे ठाऊक नसताना दिलेल्या या निकालावर पक्षपाताचा आरोप कोण करील?

परंतु निःपक्षपाती निकालही चुकीचा असू शकतो. म्हणून गुणांचा विचार केला पाहिजे. अशा कथांतील पात्रे पुसट असतात, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि, ज्या कायद्याखाली दावा दाखल झाला त्याच कायद्याने तो तोलावयाचा असतो. स्पर्धा विज्ञानकथेची होती. कृष्णविवरानजीक काळ मंदावतो, हे सापेक्षतेचे तत्त्व या कथेचा कणा आहे. ते काढून घ्या, कथा उभीच राहत नाही. जेथे विज्ञान केवळ सजावटीपुरते असते, तेथे असे होत नाही. म्हणून ते पारितोषिक योग्यच होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढे २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास; ‘प्रेषित’ वा ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्यांस नव्हे. आत्मचरित्राची योग्यता आम्ही नाकारीत नाही. परंतु आत्मचरित्रात लेखकाचे नाव झाकता येत नाही. ‘कृष्णविवर’ मात्र नावावाचून जिंकली. आमच्या लेखी तोच मान मोठा.

यातून घ्यावयाचा धडा केवळ साहित्याचा नाही. नारळीकरांनी नाव झाकले ते कीर्तीचा लाभ नको म्हणून. ज्या समाजात आडनाव वाचताच जात हुडकली जाते, तेथे कित्येक होतकरू लेखकांना तेच झाकण संरक्षण ठरेल. म्हणून वाचकहो, आपल्या वाचनालयांच्या, महाविद्यालयांच्या व मंडळांच्या स्पर्धांत निकाल लागेपर्यंत नावे बंद पाकिटात ठेवण्याचा नियम करून घ्या. न्याय मागण्याचा हक्क आहेच. तो मिळेल अशी व्यवस्था उभारणे हेही आपलेच काम आहे.