कापडाची उलट बाजू

गेल्या वर्षी ताईच्या लग्नासाठी आम्ही पैठणी घेतली. दुकानदार म्हणाला, "अस्सल हातमागाची, येवल्याची," आणि आम्ही माना डोलावल्या. घरी आल्यावर आजीने पदराची घडी उलटी केली. मोरांच्या मागे मोकळ्या धाग्यांची नुसती दाटी होती. आजी एवढेच म्हणाली, "ही यंत्रावरची गं. हातच्या पैठणीला उलटसुलट नसतं." पैसे गेल्याचे दुःख झालेच, पण आम्ही चौघे गेलो होतो, त्यांत तिघे पदवीधर, आणि कापड उलटून पाहण्याचे एकालाही सुचले नाही, याची लाज अधिक वाटली.

पैठणीची नक्षी हाताने विणताना प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या आकृतीपुरताच फिरवतात व शेजारच्या धाग्यात अडकवून परत आणतात. म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि म्हणूनच एका साडीला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, हिमरूची गोष्ट वेगळी. त्याचा ताणा सुती, नक्षीचा बाणा रेशमी. त्याच्या मागे सुटे धागे असणारच. म्हणजे एक नियम पाठ करून भागत नाही, कापड ओळखावे लागते.

यंत्र आले म्हणून विणकर बुडाला, असे आपण नेहमी म्हणतो. मला हे अर्धेच खरे वाटते. न पारखणारे गिऱ्हाईकही कसबाच्या मुळावर येते.

तुर्कस्तानातील बुर्सा हे शहर रेशमी मखमलीसाठी नावाजलेले होते. ताण्याचे जादा धागे सळयांवरून घेऊन त्यांचे वेढे कापले की मखमलीची लव उभी राहते. तिच्यात जर भरून सुलतानांचे अंगरखे आणि बैठकीच्या उशांचे अभ्रे होत. सुलतानांचे असे अंगरखे इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही जपलेले आहेत. सुलतान दुसरा बायझीद याच्या कारकिर्दीत, १५०२ साली, बुर्साच्या बाजारासाठी मालाच्या दर्जाचे नियम लिहून काढण्यात आले. त्यांत रेशमी कापडही होते. इतक्या नामांकित पेठेलाही केवळ नावावर विसंबून राहता आले नाही!

आपल्याकडेही काही कापडे हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये झाला. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी आम्ही फसलोच ना? कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. पदर आपल्यालाच उलटावा लागतो.

आपल्या मेहकरला तर हे सांगावे लागू नये. येथील मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते की गावाच्या तटबंदीचे काम त्यांनी अंगावर घेतले, असे ब्रिटिश काळातील गॅझेटियरात नमूद आहे. दगडचुन्याचा तो पैसा मागावरून आला होता; आणि मागावर पैसा आला, कारण कुणीतरी कापड पारखून त्याचे योग्य मोल मोजत होते.

यंत्रावरची साडी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या ऐपतीत तीच बसते. पण ती तिच्या नावाने आणि तिच्याच भावाने घ्यावी. हातमागाच्या नावावर ती खपली की त्या दिवशी एका विणकराची मजुरी बुडते.

स्नेहसंमेलनात आपण दरवर्षी रांगोळीचे प्रदर्शन भरवतो. यंदा एक टेबल कापडाचे ठेवावे, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे. घरोघरच्या ट्रंकांतून आज्यांची लुगडी, शालू, शेले आणावेत. शेजारी यंत्रावरचे कापड ठेवावे. आणि समजावून सांगायला आज्यांनाच बोलवावे. माझी आजी यायला तयार आहे.