विश्लेषण : ‘लिव्हिंग विल’ नेमके कशासाठी? मावळ-लोणावळ्यातील नागरिकांनी ते कसे करावे, कुठे द्यावे?

लोणावळा, खंडाळा आणि तळेगाव दाभाडे परिसरात निवृत्तीनंतर मुंबई-पुण्याहून राहायला आलेले ज्येष्ठ कमी नाहीत. अनेकांची मुले नोकरीनिमित्त मुंबईत, हिंजवडीत किंवा परदेशात असतात. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील गावांतही आता घरी फक्त आई-वडील असे चित्र दिसते. प्रकृती गंभीर झाली, की रुग्णाला तळेगाव, पिंपरी-चिंचवड किंवा सुमारे ६५ किलोमीटरवरील पुण्यात हलवावे लागते. तिथे अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर विचारतात, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ रुग्ण बेशुद्ध असतो, मुलगा फोनवर असतो आणि उत्तर काही मिनिटांत द्यायचे असते. रुग्णाला स्वतःला काय हवे होते, हे बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसते. हे उत्तर आधीच लिहून ठेवण्याची कायदेशीर सोय देशात २०१८ पासून आहे. २०२३ मध्ये ती बरीच सोपीही झाली.

लिव्हिंग विल म्हणजे काय?

आपण बरे होण्याची आशा उरली नाही आणि स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीतही नसलो, तर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेला दस्तऐवज म्हणजे ‘लिव्हिंग विल’. न्यायालयाच्या भाषेत त्याला आगाऊ वैद्यकीय निर्देश म्हणतात. मालमत्तेचे मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते, हे कागदपत्र तो जिवंत असतानाच लागू होते. शुद्धीतील माणसाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहेच. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध घेणे थांबवले, तेव्हा ते स्वतः निर्णय घेऊ शकत होते. प्रश्न येतो तो बोलण्याची ताकद गेलेल्या रुग्णाचा. त्याच्या वतीने त्याचाच शब्द पुढे ठेवण्याची सोय म्हणजे लिव्हिंग विल.

हा विषय न्यायालयात कसा पोहोचला?

याचे मूळ मुंबईतील केईएम रुग्णालयात आहे. तिथे परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधीच शुद्धीवर आल्या नाहीत असे म्हणता येईल अशा अवस्थेत राहिल्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या दयामरणासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएममधील कर्मचाऱ्यांनी त्याला ठाम विरोध केला. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली, मात्र काही मोजक्या प्रकरणांत उच्च न्यायालयाच्या परवानगीने कृत्रिम आधार काढता येईल, असे पहिल्यांदा मान्य केले. शानबाग यांचे १८ मे २०१५ रोजी केईएममध्येच निधन झाले.

या प्रकरणात दोन्ही बाजू रुग्णाच्या भल्याचेच बोलत होत्या. पण अरुणा यांचे स्वतःचे म्हणणे सांगणारा एकही कागद कुणाकडे नव्हता. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला. सन्मानाने मरण येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगत घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली. संसदेने याबाबत वेगळा कायदा केलेला नाही. त्यामुळे न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे हाच आज आधार आहे.

२०२३ मध्ये काय बदलले?

२०१८ ची पद्धत कागदावर चांगली, पण व्यवहारात जवळपास अशक्य होती. दस्तऐवजावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. म्हणजे लोणावळ्यातील ८० वर्षांच्या आजोबांना त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली असती. पुढे अंमलबजावणीच्या वेळी वैद्यकीय मंडळात २० वर्षांचा अनुभव असलेले तज्ज्ञ हवेत आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी रुग्णाला प्रत्यक्ष भेटावे, अशा अटी होत्या. २४ जानेवारी २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने त्या शिथिल केल्या. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन पुरेसे आहे. तज्ज्ञांच्या अनुभवाची अट ५ वर्षांवर आली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या भेटीऐवजी रुग्णालयाने त्यांना निर्णय कळवायचा आहे.

दस्तऐवज कसा करायचा?

अटी मोजक्या आहेत.

• करणारी व्यक्ती सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असावी. कुणाच्याही दबावाशिवाय, परिणाम समजून घेऊन तिने तो करावा.

• दस्तऐवज लेखी हवा. कोणत्या स्थितीत कोणते उपचार सुरू करू नयेत किंवा थांबवावेत, हे स्पष्ट लिहावे.

• स्वतः निर्णय घेता न आल्यास कोणाची संमती घ्यायची, त्या जवळच्या नातेवाइकाचे किंवा पालकाचे नाव असावे. एकापेक्षा जास्त नावे देता येतात.

• दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ते शक्यतो स्वतंत्र, म्हणजे ज्यांचा यात हितसंबंध नाही असे असावेत.

• नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन करावे.

• हा निर्णय केव्हाही मागे घेता येतो, याचा उल्लेख असावा. बदल किंवा रद्द करणेही लेखीच करावे लागते. एकापेक्षा जास्त दस्तऐवज असतील, तर शेवटचा ग्राह्य धरला जातो.

न्यायालयाच्या अटींत दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदणीचा समावेश नाही.

मजकूर लिहिताना ‘मला त्रास देऊ नका’ किंवा ‘नळ्या नकोत’ एवढेच लिहिले, तर डॉक्टरांना त्याचा अर्थ लावता येत नाही. मजकूर संदिग्ध असेल, तर वैद्यकीय मंडळ तो लागू करू शकत नाही. म्हणून व्हेंटिलेटर, हृदय थांबल्यावर छातीवर दाब देऊन ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, डायलिसिस आणि नळीवाटे अन्न याबद्दल वेगवेगळे लिहिलेले बरे. आपल्याला आधीच एखादा आजार असेल, तर तो पुढे कसा वाढतो हे फॅमिली डॉक्टरांकडून समजून घेऊन मग लिहिणे जास्त उपयोगी. वेदनाशमन हवेच, हेही नोंदवता येते.

प्रत कुठे द्यायची?

दस्तऐवज कपाटात राहिला, तर त्याचा उपयोग नाही. एक प्रत नाव दिलेल्या नातेवाइकांना आणि एक फॅमिली डॉक्टरांना द्यायची आहे. आणखी एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची आहे. ती जपून ठेवण्यासाठी संस्थेने एक अधिकारी नेमणे अपेक्षित आहे. त्याला ‘कस्टोडियन’ म्हणतात.

मावळात ही संस्था राहण्याच्या ठिकाणानुसार बदलते. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथे नगर परिषद, वडगावला नगर पंचायत आणि कार्ला किंवा पवनानगरसारख्या भागात ग्रामपंचायत. कार्यालयात जाऊन ‘लिव्हिंग विलसाठी कस्टोडियन कोण’ असे विचारावे, अर्जासोबत प्रत द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पुढे रुग्णालयाला दस्तऐवज खरा आहे का हे तपासावे लागते. तेव्हा ही नोंद कामाला येते. डिजिटल आरोग्य नोंदीतही दस्तऐवज जोडण्याची मुभा न्यायालयाने दिली आहे.

महाराष्ट्रात अंमलबजावणी कुठवर?

मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे लिव्हिंग विल केले, तेव्हा ते स्वीकारणारी यंत्रणाच नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये कस्टोडियन नेमण्याला गती मिळाली. मुंबई महापालिकेने आपल्या २४ प्रशासकीय विभागांतील आरोग्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे ही जबाबदारी दिली. शेजारच्या गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. एम. एस. सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल करून सुरुवात केली. कर्नाटक सरकारने ३० जानेवारी २०२५ रोजी याबाबत आदेश काढला.

रुग्णालयात प्रत्यक्ष काय होते?

दस्तऐवज दाखवला आणि लगेच यंत्र बंद केले, असे होत नाही. रुग्ण बरा होण्याची आशा नाही आणि तो स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, अशी स्थिती असेल तरच प्रक्रिया सुरू होते. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. ते मंडळ अनुकूल असेल, तर रुग्णालय दुसरे मंडळ नेमते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. त्यांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे आहे. दस्तऐवजात नाव असलेल्या व्यक्तींची संमती लागते. निर्णय अमलात आणण्यापूर्वी रुग्णालय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. मंडळाने नकार दिला, तर नातेवाईक किंवा डॉक्टरही उच्च न्यायालयात जाऊ शकतात.

लिव्हिंग विल केलेले नसेल, तरी नातेवाइकांच्या संमतीने याच दोन मंडळांमार्फत निर्णय होऊ शकतो. फरक इतकाच, की तेव्हा रुग्णाच्या मनातले नातेवाइकांना ओळखावे लागते.

द्रुतगती मार्गावर अपघात झाला तर?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग मावळातूनच जातो, त्यामुळे हा प्रश्न इथे हमखास विचारला जाईल. अपघात, हृदयविकाराचा झटका किंवा सर्पदंश अशा वेळी तातडीचे उपचार होतातच. रुग्ण बरा होऊ शकत असेल, तोवर लिव्हिंग विल लागू होत नाही. ते केले म्हणून डॉक्टर प्रयत्न सोडतील, ही भीती अनाठायी आहे.

कोणते गैरसमज टाळावेत?

इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे म्हणजे सक्रिय इच्छामरण. ते भारतात गुन्हा आहे आणि लिव्हिंग विलमध्ये तसे लिहिले तरी त्याला अर्थ नाही. अवयवदानाचा अर्जही वेगळा असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्येही आगाऊ निर्देशाची तरतूद आहे, पण ती मानसिक आजारावरील उपचारांपुरती आहे.

उपचार थांबवणे म्हणजे रुग्णाला सोडून देणेही नव्हे. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवा शेवटपर्यंत सुरू राहायला हवी. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून अशी सेवा देते.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण तज्ज्ञांची. दोन मंडळांसाठी किमान सहा डॉक्टर लागतात. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथे किंवा पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत ते जमू शकते. छोट्या नर्सिंग होमला ते कठीण आहे. दुसरी अडचण माहितीची. ग्रामपंचायतीत प्रत घेऊन गेल्यावर ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर मिळू नये, यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांपर्यंत स्पष्ट सूचना पोहोचायला हव्यात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबत मार्गदर्शक सूचनांचा मसुदा हरकतींसाठी खुला केला होता.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. प्रक्रिया किचकट वाटली, की कुटुंबे ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असे लिहून देतात. रुग्णालयाच्या भाषेत याला ‘डामा’ म्हणतात. मग रुग्णाला रुग्णवाहिकेतून घरी आणले जाते आणि वेदनाशमनाची कोणतीही सोय नसताना त्याचा शेवट होतो. खर्च आवाक्याबाहेर गेल्यानेही अनेकांवर ही वेळ येते. सन्मानाने मरण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, तो नेमका हे टाळण्यासाठी.

शेवटी, सह्या-शिक्के झाले तरी घरच्यांशी बोलणे बाकी असेल, तर दस्तऐवज अर्धाच राहतो. रुग्णालयात संमतीची सही त्यांनाच करायची असते. वडिलांनी असे का लिहिले हे मुलाला माहीत असेल, तर ती सही करताना आपण बापाला सोडले, असे ओझे त्याच्या मनावर राहत नाही.