पाढे पाठ, डोकं गहाण



या देशात डोकं चालवण्याचा हक्क सगळ्यांना कधीच नव्हता. एकानं विचार करायचा, दुसऱ्यानं घाम गाळायचा, ही वाटणी धर्मानंच करून ठेवली. पोथी गेली, पाठ्यपुस्तक आलं. वाटणी शाबूत राहिली. शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाचा विषय असतो. क्लासची फी भरणाऱ्याच्या पोराकडून तो वर्षभर घोटून घेतला जातो. आपल्या वस्तीतल्या पोराला सांगतात, पाढे म्हण, गप बस. मग निकाल लागला की म्हणतात, यांच्यात बुद्धीच नाही!

खोटं आहे हे. साफ खोटं.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी १,४०० हून अधिक मुलं तपासली. २०२५ साली ‘नेचर’मध्ये ते संशोधन आलं. भाजी विकताना ही पोरं अवघड हिशेब तोंडी, बिनचूक करत होती. तेच गणित शाळेच्या भाषेत कागदावर आलं की बहुतेक अडत होती. १९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या फेरीवाल्या पोरांबद्दल हेच छापून आलं होतं. म्हणजे बुद्धी जातीत नसते, देशातही नसते.

मी पंचवटीत हे रोज बघतो. पंधरा रुपयांच्या तीन जुड्या, पन्नासची नोट. पोरगं नोट हातात येण्याआधी पाच रुपये पुढे करतं. त्याच पोराच्या वहीत ५० − ३ × १५ लिहा. ते पन्नासातून तीन वजा करतं, सत्तेचाळीसला पंधरानं गुणतं आणि सातशे पाच लिहून मोकळं होतं! पन्नासातून सातशे कसे उरले, हे त्याला कुणी विचारत नाही. लाल फुली मारतात, पुढे जातात.

पण फुशारकी नको. ‘आमची पोरं रस्त्यावर शिकतात’ म्हणून टाळ्या वाजवणं ही स्वतःचीच फसवणूक आहे. व्यवस्था कागदावर चालते. महिन्याला ‘फक्त दोन टक्के’ म्हणजे वर्षाला चोवीस, हे ज्याला कागदावर उलगडता येत नाही, त्याची आई जन्मभर हप्ते फेडते. सातपूर-अंबडच्या ठेकेदाराची पगारस्लिप ज्याला तपासता येत नाही, तो अंगठाबहाद्दरच. सही येत असली तरी. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण तीस टक्के मुलांनाच साधा भागाकार जमला. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, त्यात हिशेब मागितला, शेतीचं ज्ञान मागितलं. त्या मागणीचं हे झालं!

तेव्हा सरकारची वाट बघू नका. विहारात, समाजमंदिरात संध्याकाळी पोरं बसवा. रोज एकच प्रश्न घ्या, पण वस्तीतला: नळाला चाळीस मिनिटं पाणी, तीस घरं, कुणाला किती? रीत आधी सांगू नका. अंदाज विचारा. चौघांना चार वाटांनी सोडवू द्या, प्रत्येकाला फळ्यापुढे उभं करा, ‘कसं काढलंस?’ विचारा. चुकलेलं उत्तर पुसू नका. कुठे घसरलं ते त्यालाच शोधू द्या. तोंडी हिशेब जमला की तोच आकड्यांत, चिन्हांत लिहायला लावा. बाजार आणि वही यांच्यात पूल बांधायचा, तो इथेच. आणि ‘का?’ विचारणाऱ्या पोराला आगाऊ म्हणू नका. परंपरा सांगते म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे बुद्धानं कालामांना सांगितलंय.

हे नाशिक आहे. २ मार्च १९३० ला इथे काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. एक वाट करून पाहिली, उत्तर तपासलं, वाट बदलली. प्रश्न सोडला नाही. प्रश्न सोडवणं म्हणतात ते हेच. आपल्या दहा वर्षांच्या पोराला एवढं आलं, तर उद्या त्याला कुणी फसवू शकणार नाही. आपणसुद्धा नाही.

जयभीम!